सोपा प्रश्न आला की समजा, बुडालात

आमच्या वरच्या मजल्यावर पर्सेंटाइल सर राहतात. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती वाचायला सवड कोणालाच मिळत नाही. बेल वाजवली की दार उघडण्याआधी आतून आवाज येतो, "पर्सेंटाइल किती?" एकदा दूधवाल्यालाही त्यांनी हे विचारलं. तो बिचारा म्हणाला, "नेहमीचंच सर, अर्धा लिटर."

ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्या सुखी लोकांसाठी सांगतो. परीक्षेला बसलेल्या शंभर माणसांपैकी किती जण आपल्या मागे राहिले, त्याचा आकडा म्हणजे पर्सेंटाइल. तुम्हाआम्हाला पुढे जायचं असतं, तेवढ्यावर आपलं भागतं. सरांचं तेवढ्यावर भागत नाही. कोणीतरी मागे पडलंय याची लेखी खात्री झाल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही.

परदेशातल्या विद्यापीठात शिकायला जायचं तर एक परीक्षा द्यावी लागते. ती संगणकावर असते, गणित आणि भाषा असे तिचे दोन भाग असतात, आणि तिची तयारी करून घेणं हा सरांचा धंदा. पूर्वी ते टायपिंग शिकवायचे. टायपिंगचे दिवस भरले तेव्हा त्यांनी यंत्रं भंगारात घातली, टेबलं ठेवली, त्याच टेबलांवर संगणक मांडले आणि पाटी बदलली. शिकवणारा तेवढा बदलायचा राहिला.

घराचा पुढचा अर्धा भाग म्हणजे क्लास. मध्ये प्लायवूडचा पडदा, मागच्या अर्ध्यात संसार. परीक्षा केंद्रात फार थंडी असते असं सरांनी कुठेतरी ऐकलं, तेव्हापासून क्लासचा एसी असा चालतो की भर उन्हात मुलं स्वेटर घालून घामाने निथळत जिना चढतात आणि वर जाऊन गोठतात. केंद्रात शेजारचे लोक खोकतात, म्हणून सरांनी खोकल्याचं रेकॉर्डिंग केलं आहे. ते तास संपेपर्यंत वाजत राहतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या बायकोने वर काढा पाठवला होता.

दारावर मामा असतात. मामा म्हणजे सरांचा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ, थिएटरच्या दारावर आयुष्य काढून निवृत्त झालेला. केंद्रावर जशी झडती घेतात तशी मामांनी प्रत्येकाची घ्यायची, खिसे उलटे, बाह्या वर, चष्मा पुढेमागे; फोन तेवढा राहू द्यायचा, कारण सरांची फी त्यावरून येते. "थिएटरात मी तिकीट फाडून आत सोडायचो," मामा मला म्हणाले, "इथे पोरांचा धीर फाडून सोडतो." मामा रोज दुपारी ऊब घ्यायला आमच्याकडे येतात. पुढची सगळी हकीकत मला त्यांच्याकडूनच कळली, आणि थिएटरात आयुष्य काढल्यामुळे ते संवादांसकट सांगतात.

आता सरांचा सिद्धांत. ही परीक्षा घेणारं यंत्र म्हणे परीक्षार्थ्याला जोखत असतं. तुम्ही बरोबर उत्तरं देत गेलात की पुढे अवघड प्रश्न टाकतं, चुकत गेलात की सोपे. इतपत खरं आहे. सरांनी त्यावर माडी चढवली. "सोपा प्रश्न आला की समजा, बुडालात!" हे वाक्य ते तासाच्या सुरुवातीला म्हणत, शेवटी म्हणत, आणि मध्ये कोणी हसलं तर मुद्दाम म्हणत. त्यांच्या क्लासमधली मुलं अवघड प्रश्न सुटला नाही तरी खूश असायची. सोपा प्रश्न दिसला की मात्र त्यांचे चेहरे पडायचे, घरी दार उघडल्यावर समोर पोलीस दिसावा तसे.

सिद्धांत डोक्यात इतका भिनला की घरातही शिरला. बायकोने विचारावं, "अहो, चहा घेणार का?" आणि सरांनी कपाळाला आठ्या घालून म्हणावं, "एवढं सोपं विचारतेस? माझं काय चुकलंय?"

"तुमचं काय चुकलंय हे सांगायला बसले तर चहा निवेल," ती म्हणायची. सरांच्या घरात शहाणपणाचा जो काही साठा आहे तो या बाईंकडे आहे. त्या तो जपून वापरतात, कारण घेणारं गिऱ्हाईक नाही.

सिद्धांताचा कळस संगणकाच्या शेवटच्या पडद्यावर होता. परीक्षा संपली की यंत्र विचारतं, निकाल ठेवायचा की रद्द करायचा? ठेवला तर आकडा दिसतो आणि नोंदीत राहतो, विद्यापीठांना कळतो. रद्द केला तर आकडा तुम्हालाही दिसत नाही, जगालाही नाही. सरांची आज्ञा अशी की शेवटच्या भागात लागोपाठ दोन सोपे प्रश्न आले तर निमूटपणे रद्द करून उठायचं. "डाग लावून घेऊ नका!" आज्ञाधारक मुलं धडाधड रद्द करायची. त्यामुळे क्लासच्या पाटीवर सरांनी अभिमानाने लिहिलं होतं, 'आमच्या एकाही विद्यार्थ्याला आजवर कमी गुण मिळालेले नाहीत.' यात खोटं काहीच नव्हतं. ज्याचा एकही पेशंट जिवंत राहिला नाही त्या डॉक्टरनेही 'आमच्याकडे कोणाची तक्रार नाही' अशी पाटी लावायला हरकत नसते.

सरांची मुलगी वेगळ्या मुशीतली. ती शहरातल्या एका दंतप्रयोगशाळेत काम करायची, म्हणजे डॉक्टर मापं पाठवतात त्यावरून कवळ्या आणि दाढांच्या कॅपा बनवायची. तिथले मालक, ज्यांना सगळे कवळीवाले काका म्हणतात, ते तिच्यावर बेहद्द खूश. माणसाच्या उरलेल्या दातांचा रंग बघून नव्या दाताची छटा तिने ठरवली की डॉक्टरही वाद घालत नसत. दाढेच्या कॅपेचा कोपरा ठरावीक ठिकाणीच का टवकतो, हा प्रश्न तिच्या डोक्यात शिरला. तिने टवकलेल्या कॅपा जमवल्या, फोटो काढले आणि असल्या पदार्थांवर संशोधन करणाऱ्या परदेशातल्या एका प्राध्यापिकेला पाठवून दिले. बाईंचं उत्तर आलं, "तुमचं निरीक्षण बरोबर आहे. शिकायला या. जागा एकच आहे, परीक्षेचा निकाल मुदतीच्या आत पाठवा." किती गुण लागतील तेही त्यांनी कळवलं.

म्हणजे पोरीने अर्धी लढाई एकटीने जिंकली होती. उरलेल्या अर्ध्या लढाईसाठी सेनापती म्हणून तिला जन्मदाता मिळाला.

सरांनी तिला क्लासमध्ये पहिल्या बाकावर बसवलं, स्वेटर दिला, खोकला ऐकवला. ती हुशार, त्यातून बापाची लेक. बाप म्हणतो ते खरंच असणार असं धरून चालणारी. दाताची छटा स्वतःच्या डोळ्यांनी ठरवणारी ही मुलगी स्वतःचा पेपर कसा गेला हे मात्र बापाच्या कोष्टकावरून ठरवायला शिकली.

परीक्षेच्या दिवशी सर आणि मामा केंद्राबाहेरच्या फुटपाथवर उभे. सर येणाऱ्याजाणाऱ्या परीक्षार्थ्यांकडे बघून "हा साठचा, ही सत्तरची" असे आकडे लावत होते. बाजारात नारळ वाजवून बघावेत तसे. मुलगी बाहेर आली ती पांढरीफटक.

"शेवटचे प्रश्न कसे होते?" सरांनी विचारलं. मुलगी कशी आहे हे त्यांनी विचारलं नाही. मामांनी हे मला दोनदा सांगितलं.

"सोपे."

"किती सोपे?"

"पेटीत लाल आणि निळे गोळे सारखेच आहेत, न बघता एक काढला तर तो लाल असण्याची शक्यता किती."

सरांनी विजेचा खांब धरला. "आणि त्याच्या पुढचा?"

"त्रिकोणाचे दोन कोन दिलेत, तिसरा काढा."

"लागोपाठ?"

"लागोपाठ."

"मग?"

"रद्द केलं. 'खात्री आहे का' असं यंत्राने परत एकदा विचारलं. मी हो म्हटलं."

"शाब्बास!" सर म्हणाले.

मामा सांगतात की इतकी वर्षं थिएटरच्या दारात उभं राहून त्यांनी नाना खलनायक पाहिले, पण चुकीच्या जागी टाळी वाजवणारा असा प्रेक्षक पाहिला नाही. "भावोजी," ते म्हणाले, "पोरीची जागा गेली आणि शाब्बास कसली?"

"जागा गेली, पण नोंद स्वच्छ राहिली."

"कोऱ्या कागदापेक्षा स्वच्छ काय असतं म्हणा!"

घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "अहो, पण तिला येत होतं म्हणून सोपं वाटलं असेल की!"

सर हसले. ज्या हसण्याने ते गेली कित्येक वर्षं घरातला शहाणपणाचा पुरवठा बंद करत आले होते, तेच हसू. "तू यात पडू नकोस. हे यंत्राचं मानसशास्त्र आहे."

मुलगी दुसऱ्या दिवसापासून कामावर जाऊ लागली. परीक्षेची पुढची तारीख मिळत होती ती प्रवेशाची मुदत टळून गेल्यानंतरची. ती कोणाशी बोलत नव्हती, घरी रडतही नव्हती. पण कवळीवाल्या काकांनी तिने केलेली एक कवळी उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "अगं, ही घालून म्हातारा हसणार आहे की कोणाला चावणार आहे?" तेव्हा तिला रडू फुटलं आणि सगळं बाहेर पडलं. काका व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "दात पडला की आपण काय करतो? आधी विचारतो, ठेवलाय का जपून? जा, फोन कर त्या परीक्षावाल्यांना. आधीची तारीख सुटली असेल एखादी."

दुपारी क्लास रिकामा असताना तिने मदत केंद्राला फोन लावला. सर शेजारी येऊन बसलेच. तिने फोन स्पीकरवर टाकला. मामा दारात होते, तिथून हलण्याचं त्यांना कारण नव्हतं. बराच वेळ संगीत वाजलं आणि मग दिवसभर हेच बोलून कंटाळलेल्या एका बाईचा आवाज आला.

"लवकरची तारीख नाहीये, मॅडम. मागचा निकाल कुठे गेला?"

"रद्द केला मी."

"मग परत घ्या ना. दोन महिन्यांच्या आत अर्ज केला की मिळतो."

सर ताडकन पुढे झाले. "मिळतो म्हणजे? रद्द म्हणजे रद्द!"

"रद्द म्हणजे झाकून ठेवतो, सर. फेकत नाही. आपण कोण?"

"मी वडील. आणि मार्गदर्शक."

"परीक्षा मॅडमनी दिली ना? मग मॅडमना बोलू द्या."

मुलीने फोन स्वतःकडे ओढला. "अजून एक विचारू? शेवटी अगदी सोपे प्रश्न आले होते. म्हणजे मी आधी चुकत गेले होते का?"

"ते मला इथून दिसत नाही. पण पुढच्या परीक्षांसाठीचे काही प्रश्न आम्ही मध्ये घालून बघतो, ते मोजत नाहीत. त्यात सोपे असतात, अवघड असतात, कसेही असतात. प्रश्नावरून अंदाज बांधू नका, असं सगळ्यांना सांगितलेलं असतं."

"कुठे सांगितलेलं असतं?" सरांनी विचारलं.

"सुरुवातीच्या सूचनांमध्ये, सर. अगदी पहिल्याच पडद्यावर."

पहिला पडदा! सर तो कोणालाच वाचू देत नसत. "सूचना हौशी लोकांसाठी असतात. आपण तयारीनिशी आलोय. डोळे झाकून 'पुढे' दाबा आणि घड्याळाच्या आधी डोकं चालू करा," ही त्यांची क्लासमधली पहिली शिकवण. जगात एवढी एकच गोष्ट वाचायची होती आणि मास्तरांनी शिकवून शिकवून ती न वाचायला शिकवली होती.

फोन ठेवल्यावर मुलगी अर्ज करायला संगणकापाशी बसली. सरांनी तिच्या आणि पडद्याच्या मध्ये हात घातला.

"थांब. जे गाडलं ते उकरू नये. निकाल वाईट असला तर नोंदीत येईल. विद्यापीठाला दिसेल."

"न दिसून तरी काय होणार आहे? जागा तशीही जातेच आहे."

"पुढच्या वर्षी ताठ मानेने जा."

"आणि चांगला असला तर?"

सरांचा हात तिथेच राहिला. इथे मला या माणसाची कीव करायची होती, मी प्रामाणिक प्रयत्नही केला. जमलं नाही. कारण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मामांना दारातून दिसत होतं. निकाल वाईट असेल तर सिद्धांत तगतो. चांगला असेल तर मुलगी जाते, पण सिद्धांत बुडतो, आणि त्याच्या भरवशावर आजवर ज्यांनी ज्यांनी रद्द केलं ती सगळी मंडळी जिना चढून येतात. तराजूच्या एका पारड्यात पोटची पोर होती, दुसऱ्यात पाटी होती, आणि हा गृहस्थ काटा बघत बसला होता.

"बाबा," मुलीने विचारलं, "तुम्हाला तो कसा निघायला हवाय?"

सरांनी एसीच्या रिमोटकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मामांकडे बघितलं. मुलीने त्यांचा हात अलगद बाजूला केला, टेबलावरची पेन्सिल बाजूला करावी तसा, आणि अर्ज भरला.

मधले दिवस सरांनी आजारपणात काढले. काय होतंय ते डॉक्टरांना सांगता आलं नाही, कारण जे होत होतं त्याला औषध नव्हतं.

निकाल आला तेव्हा ती कामावर होती. दाढेच्या एका कॅपेला चकाकी देत असताना फोन वाजला, तिने हात पुसले, बघितलं आणि कॅप पूर्ण केली. मग घरी आली आणि सरळ प्लायवूडच्या पडद्यामागे आईकडे गेली. प्राध्यापिका बाईंनी सांगितलेल्या आकड्याच्या थोडे वर गुण होते. डोळे दिपवणारे नव्हते, पण जागा मिळवायला पुरेसे होते, आणि मुदतही अजून उलटली नव्हती. आईने आकडा बघितला नाही, मुलीचं तोंड बघितलं आणि कणीक मळत असलेल्या हातांनीच तिला जवळ घेतलं.

सरांनी आकडा बघितला. भिंग घेऊन बघितला म्हणा हवं तर. मग म्हणाले, "भाषेत थोडे गेले." आणि काही वेळाने, आजारातून उठलेल्या माणसाच्या उत्साहाने, "फोटो दे तुझा एक. स्वेटरमधला असेल तर उत्तम. पाटीवर लावतो. 'आमच्या मार्गदर्शनाखाली'..."

"कोणाच्या?" आतून आईचा आवाज आला.

मुलगी म्हणाली, "देते फोटो. आधी एक काम करा. ज्यांनी ज्यांनी रद्द केलंय आणि ज्यांची मुदत अजून उलटलेली नाही, त्या सगळ्यांना फोन करून सांगा की निकाल परत मिळतो."

"मी सांगू?"

"तुम्हीच. रद्द करायला तुम्हीच सांगितलं होतं."

"त्यांना काय वाटेल?"

"मला वाटलं होतं तेच."

"सांगा हो," आई पडद्याआडून बाहेर येऊन म्हणाली, "जीभ झिजत नाही. झिजत असती तर तुमची केव्हाच संपली असती."

सरांनी फोन हातात घेतला. पहिला नंबर एका तरुण पशुवैद्य मुलीचा होता. गायीगुरांच्या रोगांवर पुढे शिकायला जायचं होतं तिला, आणि सोपा प्रश्न आला म्हणून ती रद्द करून परतली होती. सरांनी घसा साफ केला, नंबर दाबला. फोन लागला, आणि प्लायवूडच्या पलीकडे, क्लासमध्ये, घंटी वाजू लागली.

सरांनी घाईने फोन बंद केला. पलीकडची घंटी बंद झाली. त्यांनी दुसरा नंबर लावला. पुन्हा पलीकडेच वाजली, फक्त सूर वेगळा. तिसरा लावला, तोही तिथेच. झालं होतं असं की रद्द करून आलेला प्रत्येक जण, आपण बुडालो ते तयारी कमी पडल्यामुळे अशी खात्री होऊन, पुढच्या बॅचला पुन्हा येऊन बसला होता. सर चेहरे लक्षात ठेवत नसत, आकडे ठेवत, आणि रद्द केलेल्यांना आकडाच नव्हता. ज्या नावेतून बुडावं तिच्याच नावाड्याकडे पोहायला शिकायला जावं, असा हा निष्ठावंत संप्रदाय! गुरूबद्दल मी बरंच वाईट बोललो, पण खरं सांगायचं तर शिष्य त्याच्याच मापाचे होते.

"बरंच झालं," मुलगी म्हणाली, "फोनची गरज नाही. चला."

ती पुढे, सर मागे, असे दोघं क्लासमध्ये गेले. पोरं स्वेटरमध्ये बसलेली. खोकला चालू. मुलीने तो आधी बंद केला.

सर म्हणाले, "एक नवीन संशोधन हाती आलंय..."

मुलीने नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

"म्हणजे... तुम्ही रद्द केलेले निकाल परत मिळतात. मुदतीत अर्ज करायचा. सोप्या प्रश्नांवरून काही कळत नाही. मी... ते मी चुकीचं सांगत होतो."

मग पशुवैद्य मुलीने हात वर केला. "पण सर, परत मागितला आणि खरंच वाईट निघाला तर?"

सरांनी सवयीने तोंड उघडलं. त्यांच्याआधी त्यांची मुलगीच बोलली. "तर वाईट निघेल. मग परत बसायचं. पण माहीत तर होईल."

कोणी हललं नाही. मला वाटतं, त्या खोलीत सरांपेक्षाही भित्री माणसं होती, आणि एवढी वर्षं क्लास चालला तो त्यांच्याच जिवावर. शेवटी पशुवैद्य मुलीने फोन बाहेर काढला. "नंबर काय आहे त्यांचा?"

सरांची मुलगी तोवर वळून आत निघाली होती. तिला बॅग भरायची होती, कवळीवाल्या काकांना सांगायला जायचं होतं, आणि प्राध्यापिका बाईंना उत्तर पाठवायचं होतं. नंबर सरांनी फळ्यावर लिहिला. मोठ्या, ठसठशीत आकड्यांत. लिहून झाल्यावर त्याच्याखाली दोन रेघा मारल्या आणि शेजारी कंसात लिहिलं, 'महत्त्वाचे. परीक्षेत येण्याची शक्यता.'

आणि सगळ्या वर्गाने ते वहीत उतरवून घेतलं.